कोडे रचणारा संगणक आणि पैठणचा घोडा

1951 साली मँचेस्टरमध्ये डिट्रिच प्रिन्झ यांच्या प्रोग्रॅमने बुद्धिबळातली दोन चालींत मात करण्याची कोडी सोडवली. पूर्ण डाव खेळण्याइतकी तो चालवणाऱ्या संगणकाची ताकद नव्हती.

सोडवणे सोपे, रचणे अवघड! मलेशियाच्या अझलान इक्बाल यांचा ‘चेस्थेटिका’ प्रोग्रॅम मात्र कोडी स्वतःच रचतो. कोड्याची पहिली चाल एकमेव असावी लागते. दुसरी निघाली, की रचना बाद. ही तपासणी संगणक माणसापेक्षा कितीतरी काटेकोरपणे करतो.

पण बुद्धिबळाची कोडी संगणकाहून कितीतरी जुनी. गोदावरीकाठी पैठण आहे. तिथून काशीला गेलेल्या भट्ट घराण्यातल्या नीलकंठांनी सतराव्या शतकात ‘नीतिमयूख’ ग्रंथात बुद्धिबळाविषयी लिहिले. घोड्याने 64 घरांत प्रत्येकी एकदाच कसे फिरावे, हे कोडेही त्यात आहे. मराठी मुळांच्या पंडिताने ते इतक्या आवडीने मांडावे, हे खरोखर अभिमानाचे!

घोडा शेवटी अशा घरात पोचावा, जिथून एका उडीत सुरुवातीच्या घरी परतता येईल, अशा फेऱ्या किती? संगणकाने मोजल्या: 13 लाख 26 हजार 736 कोटींहून अधिक.

आज रात्री पट मांडा, घोडा कोपऱ्यात ठेवा आणि त्यातली एक तरी शोधून पाहा.