केबल-आवरण, सायकलीचे
सायकलीच्या ब्रेकची किंवा गिअरची तार ज्या लवचिक नळीतून जाते, तिला केबल-आवरण म्हणतात. तार ओढताना आवरणावर तितकाच दाब येतो. ब्रेकच्या आवरणात (व्यास सु. ५ मिमी.) पोलादी पट्टी मळसूत्राकार गुंडाळलेली असल्याने ते हा दाब सहन करते. गिअरच्या आवरणातील (सु. ४ मिमी.) तारा लांबीला समांतर असतात, त्यामुळे ते आखडत नाही व गिअर अचूक बदलतो. मात्र ब्रेकच्या ताणाने ते फुटू शकते. म्हणून वजन वाचविण्यासाठी ते ब्रेकला वापरणे धोक्याचे असते. शर्यतीच्या सायकलींसाठी ॲल्युमिनियमच्या पोकळ मण्यांची हलकी आवरणे मिळतात. ती महाग असतात. हँडल पूर्ण वळेल एवढीच लांबी ठेवल्यास साध्या आवरणाचेही वजन व घर्षण कमी होते.