समाधान मोजावे कसे?

अर्धांगवायूच्या झटक्यातून उठलेल्या एखाद्या वृद्ध गृहस्थांस विचारावे, "आता कसे काय?" ते म्हणतील, "बरे आहे, आपली कृपा!" वाचकहो, त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही हेच म्हटले असते. सदऱ्याची गुंडी अजून लावता येत नाही, हे त्या उत्तरात कोठेच येत नाही.

गुंडी लावणे, पेला उचलणे, भाकरीचा तुकडा मोडणे ही नित्याची कामे पुन्हा साधावीत म्हणून जी चिकित्सा केली जाते ती व्यवसायोपचार. येथे व्यवसाय म्हणजे पोटापाण्याचा धंदा नव्हे. मनुष्य दिवसभर जे जे करतो ते सारे. जन्माने अमेरिकन असलेल्या कमलाबाई निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात या विद्येचे देशातील पहिले विद्यालय सुरू केले.

२०२० च्या महासाथीत रुग्णालयाची वाट बंद झाली, तेव्हा ही चिकित्सा अनेक ठिकाणी मोबाईलच्या पडद्यावरून होऊ लागली. तिचा एक लाभ निर्विवाद आहे : ओट्याची उंची आणि न्हाणीघराचा उंबरा चिकित्सकास घरबसल्या दिसतात. परंतु आखडलेला सांधा हाताने चाचपता येत नाही, तो नाहीच.

मग रुग्ण संतुष्ट आहे की नाही, हे ठरवावे कसे? अमेरिकेत १९७९ साली प्रसिद्ध झालेली एक आठ प्रश्नांची प्रश्नावली आजही पुष्कळ वापरतात. प्रत्येक उत्तरास एक ते चार गुण. बेरीज ८ ते ३२. सोय उत्तम; पण गोम अशी की, ज्याचे एस. टी. चे भाडे आणि दिवसाची मजुरी वाचली तो आनंदाने ३२ गुण देईल, मग गुंडी लागो वा न लागो! शिवाय फोन सुनेच्या हातात असतो. उत्तर कुणाचे समजायचे? आणि संपर्क तुटत राहिल्याने ज्यांनी उपचारच सोडला, त्यांना तर कुणी विचारीतही नाही.

मला अधिक पटते ती कॅनडात १९९१ साली पुढे आलेली पद्धत. तेथे कोणती कामे अडतात हे रुग्णच सांगतो. त्यांतली महत्त्वाची, फार तर पाच, निवडतो. मग प्रत्येक काम किती जमते आणि त्याविषयी आपले समाधान किती, यांना एक ते दहा असे दोन वेगवेगळे अंक देतो. काही आठवड्यांनी पुन्हा तेच विचारतात. समजा, गुंडीबद्दलचे समाधान तीनावरून पाचावर गेले. दोन अंकांचा हा फरक सामान्यतः अर्थपूर्ण मानला जातो. पडद्यावरूनही हे विचारता येते.

आपल्या घरी असे कुणी असेल, तर विचारणा होताना फोन त्यांच्यासमोर धरा आणि आपण गप्प राहा. वाचा गेली असेल, तर अंक बोटांनी दाखवू द्या.