माल गेला, पैसे अडकले

तुम्ही घरी शिवलेले कुर्ते एका दुकानदाराला पुरवता. बिल देऊन चार महिने झाले, तरी तो ‘पुढच्या आठवड्यात नक्की’ म्हणतो. ओळखीचा आहे म्हणून तुम्हीही गप्प बसता. इथेच फसगत होते, कारण वसुलीचा दावा साधारणपणे 3 वर्षांच्या आतच लावावा लागतो.

तुमच्या छोट्या उद्योगाची ‘उद्यम’ नोंदणी असेल, तर 2006 चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा कायदा तुमच्या बाजूने आहे. माल स्वीकारल्यावर 15 दिवसांत पैसे मिळायला हवेत. लेखी करारात जास्त मुदत असली, तरी ती 45 दिवसांपलीकडे जात नाही. उशीर झाला, तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने! तक्रार सुविधा परिषदेकडे ऑनलाइन करता येते. नोंदणी मोफत आहे, पण ती ऑर्डर घेण्याआधीच करा. भांडण झाल्यावर केलेली नोंदणी जुन्या बिलांना कामी येईलच असे नाही.

वकिलाच्या फीची धास्ती वाटते? महिलांना उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मागता येतो. जाताना बिले, सहीची चलने सोबत न्या. आणि हो, ‘माल मिळाला’ असा त्याचा व्हॉट्सअॅप मेसेज अजिबात डिलीट करू नका.