बुजवलेली भगदाडं पुन्हा का पडतात

युनिक्सच्या घराण्यातल्या संगणकांवर ‘लॉगिन’ नावाचा एक छोटा प्रोग्राम असतो. त्याला ‘-एफ’ हा पर्याय दिला की तो पासवर्ड विचारत नाही. या माणसाची ओळख आधीच पटली आहे असं धरून थेट आत सोडतो. ही सोय यंत्रातल्याच दुसऱ्या प्रोग्रामसाठी केलेली. पण नेटवर्कवरून येणाऱ्या जोडण्या घेणारा प्रोग्राम पलीकडच्या माणसाने दिलेलं नाव न तपासता लॉगिनकडे ढकलायचा. नावाच्या जागी कुणी ‘-एफरूट’ लिहिलं, तर लॉगिन त्याला नाव न समजता पर्याय समजायचा, आणि तो माणूस रूट म्हणून, म्हणजे यंत्राचा सर्वाधिकारी होऊन, आत शिरायचा.

१९९४ मध्ये आयबीएमच्या एआयएक्सवर आणि लिनक्सवर हा प्रकार उघड झाला. अमेरिकेतल्या ‘सर्ट’ या संगणक-सुरक्षा केंद्राने जाहीर इशारा दिला, पॅच आले, प्रकरण मिटलं. फेब्रुवारी २००७ मध्ये सोलारिस या आणखी एका युनिक्सच्या टेलनेट सर्व्हरमध्ये, म्हणजे दुरून लॉगिन करू देणाऱ्या प्रोग्राममध्ये, नेमका हाच दोष सापडला. जानेवारी २०२६ मध्ये ग्नू प्रकल्पाच्या टेलनेट सर्व्हरमध्ये पुन्हा तोच. या खेपेला ‘-एफ रूट’ हे शब्द ‘यूझर’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून येत होते. २०१५ मधल्या एका बदलाबरोबर आलेला हा दोष दहा वर्षांहून अधिक काळ तसाच राहिला होता.

लॉगिनच्या सुरक्षेचा विषय निघाला की आपण पासवर्ड किती लांब असावा यावर तासन्‌तास बोलतो. या तिन्ही वेळा पासवर्डचा प्रश्नच आला नाही. दोन प्रोग्राम एकमेकांच्या हाती माहिती देतात त्या सांध्यातच चूक होती: तपासणं हे दुसऱ्याचं काम, असं दोन्हीकडे धरलं गेलं. म्हणून माझं ठाम मत आहे की अशा दोषावर पॅच लिहिला म्हणजे निम्मंच काम झालं. तो दोष मुद्दाम घडवून पाहणारी टेस्ट लिहायला हवी, आणि ही ओळ इथे कशासाठी आहे हे पुढच्या माणसाला सांगणारी टीपही.

ओपनएसएसएचसारख्या अत्यंत काळजीने लिहिलेल्या सॉफ्टवेअरलाही बुजवलेला दोष परतण्याचा हा फटका बसला. जगभरातले असंख्य सर्व्हर दुरून चालवताना याच दारातून आत जावं लागतं. जोडणी करून कुणी १२० सेकंदांत लॉगिन केलं नाही, तर सर्व्हर गजर वाजवून ती तोडतो आणि तशी नोंद करतो. गजर अवेळी वाजला, म्हणजे मेमरीची मांडामांड अर्धवट असताना नोंद लिहायला घेतली, तर मेमरी बिघडायची, आणि त्या बिघाडातून हल्लेखोराला रूटपर्यंत पोहोचता यायचं. हा दोष २००६ मध्ये दुरुस्त झाला होता. ऑक्टोबर २०२० मध्ये कोडची फेररचना करताना राखण करणारी एक ओळ चुकून गेली आणि दोष परत आला. क्वालिस या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी १ जुलै २०२४ रोजी तो जाहीर केला. ३२ बिटच्या लिनक्सवर त्यांना नेमकी वेळ साधायला सरासरी सुमारे १०,००० प्रयत्न, आणि रूटपर्यंत पोहोचायला सरासरी सहा ते आठ तास, लागले होते. ज्यांना लगेच अपडेट करणं शक्य नव्हतं त्यांनी मुदत शून्य करावी, म्हणजे गजरच बंद ठेवावा, असा तात्पुरता तोडगा निघाला. पण मग रिकाम्या जोडण्या अडवून कुणीही सर्व्हर बंद पाडू शकतो. रात्री-अपरात्री या दोन संकटांतून एक निवडणाऱ्या सिस्टिम अॅडमिनची ओढाताण बाहेरच्यांना दिसत नाही, याचं मला वाईट वाटतं.

घाईने केलेल्या दुरुस्तीची किंमत अॅपलने मोजली. नोव्हेंबर २०१७ मध्ये मॅकओएस हाय सिएरात नावाच्या जागी ‘रूट’ लिहून, पासवर्ड रिकामा ठेवून दोनदा क्लिक केलं की दार उघडायचं. पहिल्या क्लिकला बंद असलेलं खातं त्याच रिकाम्या पासवर्डनिशी सुरू व्हायचं, दुसऱ्या क्लिकला आत प्रवेश. दोष जाहीर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी पॅच आला, पण त्याने काहींचं फाइल शेअरिंग बिघडलं. आणि पॅच लावून नंतर १०.१३.१ या आवृत्तीवर गेलेल्यांच्या यंत्रावर रीस्टार्ट करेपर्यंत दोष परत आला.

ओपनएसएसएचने मात्र हरवलेली ओळ परत बसवण्यावर भागवलं नाही. जुलै २०२४ च्या ९.८ आवृत्तीत जोडण्या ऐकणारा प्रोग्राम आणि प्रत्येक जोडणी सांभाळणारा प्रोग्राम वेगळे झाले, आणि वारंवार फसणाऱ्या पत्त्यांना काही काळ रोखून धरण्याची सोय आली. एप्रिल २०२५ च्या १०.० मध्ये ओळख तपासणारा भागही स्वतंत्र प्रोग्राम झाला, स्वतःच्या वेगळ्या मेमरीत चालणारा.