थंडीतला घाट

डोंगरात धावणाऱ्याला थंडी बाधते ती बहुधा थांबल्यावर. ऐकायला सोपं आहे, पण अंगवळणी पडायला मला तीन हिवाळे लागले.

पन्नाशीत मी धावायला लागलो. फजरला उठायची सवय लहानपणापासूनची, त्यामुळे पहाट नवी नव्हती. नवा होता तो वाईहून पाचगणीला चढणारा पसरणीचा घाट, तोही डिसेंबर-जानेवारीतला. तुम्ही म्हणाल, आपल्या सह्याद्रीत कुठला आलाय बर्फ! खरं आहे. पण महाबळेश्वरला वेण्णा लेकच्या परिसरात दवबिंदू गोठल्याची बातमी आपण हिवाळ्यात वाचतोच. आणि माणूस गारठायला बर्फ लागत नाही. घाम आणि वारा पुरतो.

उंचीबरोबर हवा हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, असं शाळेत शिकवतात. निरभ्र, बिनवाऱ्याच्या पहाटे मात्र उलटा प्रकार दिसतो. रात्री जमिनीची ऊब आकाशात निघून जाते, तिच्यालगतची हवा गार नि जड होते आणि पाण्यासारखी उतारावरून वाहत खोलगटात साठते. तळ्याकाठी दव गोठतं ते त्यामुळेच. धावता धावता ओढ्याच्या वळणावर एकदम अंगावर काटा येतो, तेव्हा आपण अशाच गारठ्याच्या डबक्यातून चाललेलो असतो.

आता कपड्यांचं. सुती बनियन घाम पितं आणि धरून ठेवतं. ओलं कापड अंगातली ऊब कोरड्यापेक्षा कितीतरी वेगाने ओढून नेतं. लोकर ओली झाली तरी थोडी ऊब राखते. आपला धनगर पावसात घोंगडी पांघरून उभा राहतो ते उगाच नाही. निघताना पहिली दहा मिनिटं जरा कुडकुडावं. दारातच उबदार वाटलं, तर अर्ध्या घाटात घामाची आंघोळ ठरलेली.

एका जानेवारीत आमच्यातले एक निवृत्त गुरुजी घाट झपाझप चढले आणि टेबललँडवर गप्पा मारत उभे राहिले. वारा भणाणत होता. थोड्याच वेळात त्यांना हुडहुडी भरली. बुटाची नाडी बांधता येईना, जीभ जड झाली.

‘‘गुरुजी, आधी बनियन काढा.’’

‘‘अहो, थंडी वाजतेय आणि काढा काय म्हणता, शेखसाहेब!’’

एका बंद टपरीच्या आडोशाला नेऊन त्यांचं अंग पुसलं, कोरडा स्वेटर आणि कानटोपी घातली, गोड गरम चहा घोटघोट पाजला. हातपाय चोळले नाहीत. गारठलेल्या माणसाला चोळू नये. हुडहुडी चालू होती तोवर मला धीर होता, कारण थरथरून शरीर ऊब तयार करत असतं. शरीराच्या आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की धोका सुरू होतो. पुढे थरथर थांबते, माणूस बरळतो, पेंगतो. तेव्हा चहाच्या नादी न लागता दवाखाना गाठायचा. रमच्या घोटाने ऊब आल्यासारखं वाटतं खरं, पण त्याने कातडीकडचं रक्त वाढतं आणि आतली ऊब बाहेर जाते.

२०२१च्या मे महिन्यात चीनच्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत १७२ पैकी २१ धावपटू दगावले. हिवाळा नव्हता. अचानक गारा, पाऊस आणि सोसाट्याचा वारा आला, आणि बहुतेकांच्या अंगावर पातळ कपडे होते. झू केमिंग नावाच्या मेंढपाळाने सहा जणांना गुहेत नेऊन वाचवलं. पळणाऱ्यांपेक्षा मेंढरं राखणाऱ्याला डोंगर अधिक कळला होता.

उताराला आमच्याकडे वेगळीच अडचण. हिवाळ्यात गवत वाळतं, खाली मुरूम सुटतो आणि पाऊल सटकन घसरतं. इथे पावलं आखूड टाकायची, गुडघे किंचित वाकलेले, नजर चार-पाच पावलं पुढे. चढ फुफ्फुसांना दमवतो. उतार मांड्यांना, कारण तिथे त्यांना सतत ब्रेक लावावा लागतो. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना ते कळतं!

उजाडेपर्यंत कपाळावर बॅटरी हवी. महाबळेश्वरकडच्या जंगलात गवा समोर आला तर थांबून हळूहळू मागे सरकायचं. त्याच्याशी शर्यत लावू नये. थंडीत तहान कमी लागते, तरी पाणी प्यायचं. आणि कुठल्या वाटेने जातोय, किती वाजता परतणार, हे घरी सांगून निघायचं. मी वेळ कॅलेंडरवर लिहून ठेवतो. दहा मिनिटं उशीर झाला, की आमच्या बेगमसाहेबांचा फोन वाजतोच.