रस्ता बांधणे आणि रस्ता राखणे
नार्नूर परिसरातील ग्रामीण मार्गांच्या निमित्ताने

रस्ता तयार झाला म्हणजे रस्त्याचे काम संपले, अशी समजूत ग्रामीण भागात सर्वत्र आढळते. भूमिपूजन होते, खडी पडते, रोलर फिरतो, डांबराचा काळाभोर पट्टा गावाच्या वेशीपर्यंत येतो आणि पहिली एस.टी. किंवा पहिला मालट्रक आला की गावाचा प्रश्न सुटला असे मानले जाते. वस्तुतः त्याच दिवसापासून रस्त्याचे दुसरे आणि अधिक चिकाटीचे काम सुरू होते. ते काम म्हणजे रस्ता राखणे. पहिल्या कामाला पैसा लागतो. दुसऱ्याला पैशाबरोबरच नियमितपणा लागतो. ही गोष्ट डोंगराळ आणि काळ्या मातीच्या मुलुखात विशेष जाणवते.

आदिलाबाद जिल्ह्यातील नार्नूर हा असाच मुलूख आहे. उतनूरच्या ईशान्येस, सातमाळा डोंगररांगेच्या कुशीत हे गाव वसलेले आहे. गोंड, कोलाम, आंध, लंबाडा आणि मथुरा या समाजांची वस्ती गुड्यांतून व तांड्यांतून विखुरलेली आहे. घरात गोंडी किंवा बंजारा बोली, कचेरीत तेलुगू आणि बाजारात मराठी, असा येथील नित्याचा व्यवहार. पौष महिन्यातील खांदेव जत्रेला महाराष्ट्रातूनही भाविक येतात. नार्नूर हा केंद्र शासनाने २०२३ साली सुरू केलेल्या आकांक्षी तालुका कार्यक्रमातील एक विभाग आहे. आरोग्य, शिक्षण, पोषण या विषयांत मागे राहिलेल्या विभागांची निवड या कार्यक्रमासाठी करण्यात आली. या तिन्ही विषयांचा रस्त्याशी निकटचा संबंध आहे, हे निराळे सांगावयास नको.

सीमा आणि रस्ते

१९५६ पूर्वी किनवट आणि राजुरा हे तालुके हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यातच होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा हे दोन तालुके तत्कालीन मुंबई राज्यात आणि पर्यायाने १९६० नंतर महाराष्ट्रात आले. उरलेला आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेला. २ जून २०१४ रोजी तो तेलंगणात आला. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले आणि नार्नूर मंडलातून गादीगुडा हे नवे मंडल वेगळे काढण्यात आले.

नकाशावरील रेषा अशा बदलत गेल्या, तरी बाजारहाट, सोयरिकी आणि देवदर्शन यांच्या वाटा बदलल्या नाहीत. कापसाची गाडी ज्या बाजाराला भाव बरा त्या बाजाराला जाते. परंतु रस्त्याची जबाबदारी मात्र राज्याच्या सीमेवर थांबते. सीमेलगतच्या रस्त्यांची दोन टोके दोन निराळ्या खात्यांच्या नोंदवहीत असतात. एका बाजूचे डांबरीकरण आणि दुसऱ्या बाजूची मोरी एकाच हंगामात झाली नाही, तर दोन्हींचा उपयोग निम्मा होतो. म्हणून सीमाभागातील कामांची आखणी करताना दोन्हीकडील अभियंत्यांनी एकमेकांच्या वार्षिक कार्यक्रमाची माहिती घेणे अगत्याचे आहे.

रस्त्यांचे वर्गीकरण

डिसेंबर १९४३ मध्ये नागपूर येथे मुख्य अभियंत्यांची परिषद भरली. तिने तयार केलेली योजना ‘नागपूर योजना’ म्हणून ओळखली जाते. राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग ही रस्त्यांची प्रतवारी तेव्हापासून देशभर रूढ झाली. जिल्हा मार्गांत प्रमुख आणि इतर असे दोन वर्ग आहेत. महाराष्ट्रात राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, तर इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात. तेलंगणात मोठे मार्ग रस्ते व इमारती खात्याकडे, तर गावांना जोडणारे मार्ग पंचायत राज अभियांत्रिकी खात्याकडे असतात. आदिवासी क्षेत्रातील काही कामे उतनूर येथील एकात्मिक आदिवासी विकास संस्थेमार्फत होतात.

हे वर्गीकरण ग्रामस्थांनी जाणून घेणे उपयोगाचे आहे. खड्ड्याबद्दलचा अर्ज चुकीच्या कचेरीत दिला, तर तो कागद फिरत राहतो आणि तोवर पावसाळा येऊन ठेपतो. आपल्या गावाचा रस्ता कोणत्या वर्गातील, कोणत्या खात्याकडील आणि कोणत्या योजनेतून झालेला, ही तीन उत्तरे प्रत्येक ग्रामपंचायतीच्या दप्तरी असावयास हवीत.

२५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेत सपाट प्रदेशात ५०० आणि डोंगरी व आदिवासी प्रदेशात २५० लोकसंख्येच्या वस्त्यांना बारमाही रस्त्याने जोडण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. या योजनेतील रस्त्याची काम पूर्ण झाल्यापासून पाच वर्षे देखभाल करण्याची जबाबदारी कंत्राटदारावरच असते व ती मूळ करारातच नमूद केलेली असते. रस्त्याच्या सुरुवातीस लावलेल्या फलकावर काम पूर्ण झाल्याची तारीख असते. तीवरून ही पाच वर्षे कधी संपतात हे कोणासही काढता येते. त्यानंतरची देखभाल राज्याकडे येते. कोलामांसारख्या विशेष दुर्बल आदिवासी समूहांच्या वस्त्या डोंगरमाथ्यावर आणि फारच लहान असतात. २५० ची अट त्यांना लागू पडत नसे. २०२३ साली सुरू झालेल्या पीएम-जनमन कार्यक्रमात १०० लोकसंख्येच्या अशा वस्त्यांचाही रस्त्यांसाठी विचार करण्यात आला, ही या भागाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट होय.

पाणी हाच रस्त्याचा शत्रू

रस्ता गाड्यांमुळे खराब होतो असे म्हटले जाते. ते अर्धे खरे आहे. गाडी रस्ता झिजविते, पण त्याला मोडते ते पाणी. आदिलाबाद भागात वर्षाकाठी सरासरी हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याचा बहुतांश भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच येतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरवर एक लिटर पाणी. ग्रामीण मार्गाची डांबरी रुंदी ३.७५ मीटर धरली, तर एका किलोमीटरच्या पृष्ठभागावर ५० मिलिमीटरच्या एका पावसात १,८७,५०० लिटर पाणी पडते. शेजारच्या शेतांतून आणि उतारावरून येणारे पाणी निराळेच. एवढे पाणी त्वरित बाजूला गेले नाही, तर ते खाली मुरणार हे उघड आहे.

यासाठी रस्त्याचा मध्य उंच आणि कडा सखल ठेवतात. डांबरी ग्रामीण मार्गास सुमारे तीन टक्के उतार देतात. म्हणजे ३.७५ मीटर रुंदीच्या रस्त्याचा मध्य कडेपेक्षा साधारण साडेपाच सेंटिमीटर उंच असतो. मुरमाच्या किंवा मातीच्या रस्त्यास हा उतार अधिक लागतो. हा साडेपाच सेंटिमीटरचा फरक डोळ्यांस जाणवतही नाही. पण चाकोऱ्या पडून तो नाहीसा झाला की पाणी रस्त्यावरच उभे राहते.

कापसाला मानवणारी या भागातील काळी माती रस्त्याला मात्र मानवत नाही. तिच्यातील बारीक चिकणकण पाणी शोषून फुगतात आणि उन्हाळ्यात आकसतात. शेतात हातभर खोल भेगा पडतात त्या यामुळेच. रस्त्याच्या पायाखालील मातीही असेच करते. वरची खडी कितीही चांगली असली, तरी खालची माती दरवर्षी फुगून आकसत राहिली तर पृष्ठभागास तडे जातात. तड्यांतून पाणी शिरते, माती आणखी मऊ होते आणि ओझ्याची एक गाडी गेली की खड्डा पडतो. म्हणून काळ्या मातीत रस्ता करताना भराव उंच घेणे, मातीवर मुरमाचा जाड थर देणे, किंवा मातीत चुना मिसळून तिचे फुगणे कमी करणे हे उपाय योजतात. यांपैकी कोणताही उपाय बाजूची नाली तुंबल्यावर टिकत नाही.

ओझ्याचाही हिशेब लक्षात घ्यावयास हवा. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील ओटावा येथे १९५० च्या दशकाच्या अखेरीस झालेल्या रस्ताचाचणीवरून असे दिसून आले की, आसावरील भार दुप्पट केला तर रस्त्याची हानी दुप्पट होत नाही, ती सुमारे सोळापट होते. कापसाच्या हंगामात किंवा बांधकामाच्या मालासाठी ग्रामीण मार्गावरून अतिभारित मालट्रक एकदा गेला, तर बैलगाड्यांनी आणि मोटारसायकलींनी वर्षभरात केलेल्या झिजेपेक्षा अधिक हानी तो करून जातो. चिखलणीसाठी ट्रॅक्टरला लावलेली लोखंडी चाके न काढता तो डांबरी रस्त्यावर आणणे हेही तितकेच अपायकारक होय.

वर्षाचे वेळापत्रक

देखभालीचे काम ऋतूंप्रमाणे चालते. एप्रिल आणि मे महिन्यांत बाजूच्या नाल्या उपसणे, मोऱ्यांच्या नळ्यांतील गाळ, पालापाचोळा व फांद्या काढणे आणि साइडपट्ट्यांवर साचलेली माती खरवडून पाण्याला वाट करून देणे, ही कामे पूर्ण व्हावयास हवीत. मोरीतून काढलेला गाळ तिच्या तोंडाशीच टाकला, तर पहिल्या पावसात तो पुन्हा आत जातो.

पावसाळ्यात डांबराचे पक्के काम करता येत नाही, कारण ओल्या खडीला डांबर धरत नाही. त्या काळात खड्ड्यांत खडी व मुरूम घालून, धुमसाने ठोकून तात्पुरती वहिवाट चालू ठेवावी. खरी दुरुस्ती पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरपासून पुढे. खड्डा बुजविण्याची रीत साधी आहे. त्याच्या कडा सरळ व चौकोनी कापाव्यात, आतील सैल माल व धूळ झाडून काढावी, आतून डांबराचा पातळ हात द्यावा आणि माल थराथराने भरून प्रत्येक थर दाबावा. धूळ न काढता वरून डांबर टाकलेला खड्डा पुढच्या मृगापर्यंत टिकत नाही. याच सुमारास कापसाची वेचणी सुरू होते, त्यामुळे ऑक्टोबर व नोव्हेंबर महिन्यांत झालेल्या दुरुस्तीचा लाभ शेतकऱ्यास तत्काळ मिळतो.

पूर्वी बांधकाम खात्यात ठराविक लांबीसाठी नेमलेले मैलकुली असत. फावडे, घमेले आणि कोयता घेऊन ते रोज आपला टप्पा चालत. नाली तुंबली की ती त्याच दिवशी मोकळी होत असे. यंत्रे आणि कंत्राटे आली, तरी रोज पाहणाऱ्या माणसाची जागा त्यांनी भरून काढलेली नाही. महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळात आणि पुढे २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आलेल्या रोजगार हमी कायद्याखाली रस्त्यांचे मोठ्या प्रमाणावर मातीकाम झाले. ज्या रस्त्यांवर नंतर मोऱ्या व खडीकरण झाले ते टिकले. जे नुसत्या भरावावर राहिले ते काही पावसाळ्यांत वाहून गेले. हा धडा आजही लागू आहे.

ओढे आणि रपटे

डोंगराळ भागात गावाचा संपर्क तुटतो तो बहुधा एखाद्या ओढ्यावर. पंधरा किलोमीटरचा उत्तम रस्ता एका रपट्यावरील पाण्याने निरुपयोगी होतो. बाळंतपणाला निघालेली स्त्री, सर्पदंश झालेला शेतकरी, शाळेतून परतणारी मुले यांना त्या एका ठिकाणी तासन्‌तास थांबावे लागते. अशा वेळी रुग्णवाहिका ओढ्याच्या अलीकडे आणि रुग्ण पलीकडे असतो. म्हणून मर्यादित निधीत आणखी एका किलोमीटरचे डांबरीकरण करावे की अडणाऱ्या ओढ्यावर नळकांडी पूल बांधावा, असा प्रश्न असेल तेथे पुलाला अग्रक्रम द्यावा.

यासाठी एक सोपी नोंद उपयोगी पडेल. शाळेतील शिक्षकांनी जून ते ऑक्टोबर या काळात ओढ्याला पाणी आल्यामुळे वाट किती दिवस व किती तास बंद होती, मुलांची हजेरी किती घटली, याची तारीखवार नोंद ठेवावी. तीन पावसाळ्यांची अशी वही ग्रामसभेच्या ठरावास जोडली, तर पुलाची निकड अभियंत्यास नेमकेपणाने कळते. ‘फार त्रास होतो’ या वाक्यापेक्षा दिवसांचा आकडा प्रस्तावात अधिक काम करतो.

वनक्षेत्रातील रस्ते

नार्नूर परिसरात अनेक गुड्यांकडे जाणारी वाट वनजमिनीतून जाते आणि तेथे मंजूर रस्ताही अडून राहतो. १९८० च्या वन संवर्धन कायद्याप्रमाणे वनजमीन अन्य कामासाठी वापरावयाची तर केंद्र शासनाची पूर्वमान्यता लागते. तथापि २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३ (२) मध्ये गावाच्या सोयीच्या तेरा कामांसाठी सोपी वाट ठेवली आहे आणि रस्ता हे त्यांपैकी एक आहे. एका कामास एक हेक्टरपेक्षा कमी जमीन लागणे, हेक्टरी पंचाहत्तरपेक्षा अधिक झाडे तोडावी न लागणे आणि ग्रामसभेची शिफारस असणे, या त्या अटी होत. एक हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर. सहा मीटर रुंदीची पट्टी धरली, तर सुमारे १,६५० मीटर लांबीचा रस्ता यात बसतो. डोंगरमाथ्यावरील पुष्कळशा वस्त्यांसाठी एवढी लांबी पुरेशी ठरते. ग्रामसभेचा ठराव वेळेवर आणि विधिवत होणे, हेच येथे पहिले पाऊल आहे.

ग्रामस्थांचा वाटा

रस्ता शासनाचा असला तरी त्यावरून पाणी सोडणारे शेत, नालीत भराव टाकून केलेला गोठ्याचा रस्ता, नळजोडणीसाठी आडवा खोदून तसाच सोडलेला चर आणि साइडपट्टीवर रचलेले शेणखताचे ढीग गावाचे असतात. शेतात जाण्यासाठी नाली ओलांडावयाची असेल, तर तीत नळी टाकूनच भराव करावा. चर खोदला तर तो थराथराने दाबून पूर्ववत करावा. मोरीत अडकलेली फांदी काढण्यास अंदाजपत्रक लागत नाही. मोठे काम खात्याने करावयाचे आणि लहान अडथळा गावाने त्याच दिवशी दूर करावयाचा, अशी वाटणी ज्या गावांनी स्वीकारली तेथील रस्ते अधिक काळ टिकतील.

मे महिन्याच्या ग्रामसभेत नाल्या व मोऱ्यांच्या सफाईचा विषय, आणि ऑक्टोबरच्या ग्रामसभेत पावसाळ्यानंतरच्या खड्ड्यांची व खचलेल्या साइडपट्ट्यांची यादी, एवढे दोन विषय दरवर्षी नियमाने घेतले जावेत. त्या यादीची एक प्रत संबंधित शाखा अभियंत्याकडे पोचवून तिची पोच घ्यावी. असे झाले, तर डोंगरमाथ्यावरील गुड्यापर्यंत मोठ्या प्रयासाने पोचलेला रस्ता पुढील पावसाळ्यातही तेथपर्यंत पोचत राहील.