नवतपा, मांजर आणि दोन वॅटचं कारंजं

२३ मे २०१३ रोजी नागपुरात पारा ४७.९ अंशांवर पोचला होता. दरवर्षी नवतपा, म्हणजे ऐन उन्हाळ्यातले रणरणते नऊ दिवस, जवळ आला की माणसं आपापली सोय लावतात. कैरीचं पन्हं होतं, खिशात कांदा जातो, डोक्याला दुपट्टा गुंडाळला जातो. घरातलं मांजर मात्र गार फरशीवर लांबलचक पसरतं आणि पाण्याच्या वाटीकडे ढुंकूनही पाहत नाही. म्हणून हल्ली मांजरांसाठी विजेवर चालणारी छोटी कारंजी घराघरांत येऊ लागली आहेत. घेण्याआधी या चटपटीत गोष्टी वाचा. निवड सोपी होईल आणि मांजराबद्दलचं कुतूहलही वाढेल.

१. कमी तहान, वाळवंटाची देणगी
जगभरातल्या सुमारे हजार मांजरांचा डीएनए तपासून २००७ मध्ये शास्त्रज्ञांनी सांगितलं, की पाळीव मांजरांचं मूळ पश्चिम आशियातल्या रानमांजरात आहे. कोरड्या मुलखात राहणाऱ्या या जनावराला बरंचसं पाणी शिकारीतूनच मिळायचं, कारण उंदराच्या शरीराचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग पाणीच असतो. मूत्रपिंडंही तशीच काटकसरी घडली. १९५९ मधल्या एका अमेरिकी अभ्यासात तर मांजरं समुद्राच्या पाण्यावरही तग धरू शकतात असं दिसलं. घरी असला प्रयोग अर्थातच करायचा नाही. अडचण अशी, की आजचं मांजर उंदीर खात नाही, कोरडे दाणे खातं. त्यांत पाणी जेमतेम दहा टक्के. खाणं बदललं, तहान मात्र वाळवंटातलीच राहिली.

२. सेकंदाला चार लपलप
कुत्रा जीभ पळीसारखी वळवून जोरात पाण्यात बुडवतो. मांजराचं तंत्र नाजूक. जिभेचं टोक पाण्याला नुसतं टेकतं आणि झटकन वर येतं. त्याबरोबर पाण्याची बारीक धार वर ओढली जाते, आणि ती खाली पडायच्या आत मांजर तोंड मिटतं. अमेरिकेतल्या एमआयटी आणि इतर विद्यापीठांतल्या चौघा संशोधकांनी २०१० मध्ये वेगवान कॅमेऱ्यांनी हे टिपलं. सेकंदाला साधारण चार वेळा जीभ चालते आणि दर वेळी जवळपास ०.१ मिलिलिटर पाणी तोंडात जातं. आता हिशेब करा. चार किलोच्या मांजराला दिवसाला अंदाजे २०० मिलिलिटर पाणी लागतं. ते सगळं पिऊनच मिळवायचं झालं, तर दोन हजार वेळा लपलप करावी लागेल.

३. वाघालाही पंपाचं पाणी
याच अभ्यासात दिसलं, की वाघ-सिंहही याच पद्धतीने पितात, फक्त मोठी जीभ हळू चालते. विदर्भात मांजरकुळाची दोन्ही टोकं भेटतात. एकीकडे वाघ, दुसरीकडे जगातल्या सर्वांत छोट्या रानमांजरांपैकी एक असलेली, जेमतेम किलो-दीड किलोची वाघाटी. उन्हाळ्यात नाले आटले की ताडोबा आणि पेंचच्या जंगलांत सौरपंपांनी बोअरचं पाणी खेचून पाणवठे भरले जातात. पेंच नदीवरच्या धरणांतून नागपूरच्या नळांनाही पाणी येतं. म्हणजे पेंचच्या जंगलातला वाघ आणि धरमपेठेतली मनी यांची तहान एकच नदी भागवते.

४. नळाच्या हट्टातून जन्म
बेसिनवर उडी मारून नळाच्या धारेला तोंड लावणारी मांजरं तुम्हीही पाहिली असतील. अमेरिकेतल्या पशुवैद्य डॉ. मेरी बर्न्स यांच्या मांजरालाही हीच खोड होती. त्याच्यासाठी त्यांनी १९९०च्या दशकात वाहत्या पाण्याचं भांडं तयार केलं. पुढे ते ‘ड्रिंकवेल’ या नावाने बाजारात आलं.

५. आधी मांजराला विचारा
वाहतं पाणी ठेवलं की प्रत्येक मांजर जास्त पितं, हा समज मात्र तपासात टिकलेला नाही. २०१० आणि २०१९ मध्ये साधी वाटी आणि कारंजं यांची तुलना करणारे अभ्यास प्रसिद्ध झाले. सगळ्या मांजरांचा एकत्र हिशेब केला तेव्हा मोठा फरक निघाला नाही. काही मांजरांची कारंज्याला ठाम पसंती होती, काहींना साधी वाटीच बरी वाटली. म्हणून खरेदीआधी एक फुकट चाचणी घ्या. चार-पाच दिवस रोज ठरलेल्या वेळी नळाची बारीक धार सोडा. मांजर धावत आलं, तर कारंज्याचे पैसे वसूल व्हायची शक्यता चांगली. लांबूनच बघून निघून गेलं, तर घरात तीन-चार ठिकाणी पसरट वाट्या ठेवा.

६. कूलरचा धाकटा भाऊ
नागपूरकराला हे यंत्र समजावून सांगायची गरजच नाही. टाकीत बुडवलेला छोटा पंप, त्यातलं चुंबकाच्या जोरावर फिरणारं पातं, वर चढणारी नळी आणि परत टाकीत पडणारं पाणी. खिडकीतल्या कूलरमध्ये हेच चालतं. काळजीही तशीच घ्यायची. कोरडा चाललेला पंप जळतो, आणि मे महिन्याच्या कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडून जातं. त्यामुळे पातळी बाहेरून दिसेल अशी खिडकी किंवा पारदर्शक टाकी असलेलं कारंजं घ्या. डेंग्यूच्या डासांमुळे कूलर आठवड्यातून एकदा रिकामा करून घासायचा असतो. कारंज्यालाही हा नियम लावा. आणि उन्हाळ्यात दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदला.

७. महिन्याला दीड युनिट
बहुतेक कारंजी मोबाइलच्या चार्जरवर, म्हणजे पाच व्होल्टवर चालतात आणि एक ते दोन वॅट वीज घेतात. दोन वॅटचा पंप रात्रंदिवस चालला, तरी महिन्याला दीड युनिटही भरत नाही. पाच व्होल्टचा आणखी एक फायदा आहे. वायर चघळायची सवय असलेल्या पिल्लाला २३० व्होल्टच्या वायरीपेक्षा या वायरीचा धोका खूप कमी. चार्जर मात्र पाण्यापासून दूर आणि उंचावर हवा. वायर मध्ये थोडी खाली लोंबू द्या, म्हणजे तिच्यावरून ओघळलेला थेंब प्लगपर्यंत न जाता खालीच गळेल.

८. वीज गेली तर?
दुकानात सहसा कुणी हा प्रश्न विचारत नाही, पण आपल्याकडे हाच पहिला विचारायला हवा. काही कारंज्यांत पंप थांबला की सगळं पाणी खालच्या बंद टाकीत उतरतं आणि वरची ताटली कोरडी पडते. ज्यात पंप बंद असतानाही वर वाटीभर पाणी राहतं, असंच मॉडेल निवडा. शिवाय कारंजं कितीही चांगलं असलं, तरी घरात एक साधं भांडं भरलेलं असू द्या. मातीचं पसरट भांडं उत्तम. माठासारखं त्यातलं पाणीही पाझरून गार होतं, फक्त रोज घासायला हवं.

९. स्टील, चिनी माती की प्लास्टिक?
प्लास्टिक स्वस्त आणि हलकं, पण त्यावर बारीक ओरखडे पडतात आणि तिथे जंतूंचा बुळबुळीत थर धरतो. काही मांजरांच्या हनुवटीवर काळ्या पुटकुळ्या येतात. त्यांचं एकच ठाम कारण सापडलेलं नसलं, तरी पशुवैद्य अशा वेळी प्लास्टिकची वाटी बदलायला सांगतात. चांगलं स्टील घासायला सोपं आणि फुटत नाही. चिनी माती जड असल्याने धक्क्याने कलंडत नाही, मात्र तिच्या चकाकीला तडा गेला की ती बदलावी. एक नियम लक्षात ठेवा. ज्या कारंज्याचे सगळे भाग दोन मिनिटांत सुटे होऊन पुन्हा जोडता येतात, तेच धुतलं जातं. कोपऱ्याकोपऱ्यांचं दिखाऊ कारंजं महिन्याभरात अडगळीत जातं.

१०. करवंटीचा कोळसा
कारंज्याच्या फिल्टरमधला काळा भुगा म्हणजे बहुधा नारळाच्या करवंटीपासून केलेला सक्रिय कोळसा. तो क्लोरीनचा वास शोषून घेतो, आणि स्पंज केस-कचरा अडवतो. पण फिल्टर जंतू मारत नाही. जुना, चिकट झालेला फिल्टर तर त्यांचं घरच बनतो. म्हणून घेताना कारंज्याच्या किमतीबरोबर सुट्या फिल्टरची किंमतही विचारा. तो दोन ते चार आठवड्यांनी बदलावा लागतो. सुटा पंप मिळतो का, हेही पाहा.

११. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग
घरात बोअरचं जड पाणी येत असेल, तर पंपाच्या पात्यावर पांढरे क्षार साचतात आणि धार मंदावते. पंप उघडा, लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात अर्धा तास ठेवा, जुन्या टूथब्रशने घासा आणि भरपूर साध्या पाण्याने धुवा. वास अजिबात राहता कामा नये, कारण पुढची गोष्ट.

१२. संत्रानगरीत संत्र्याला मनाई
नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण बहुतेक मांजरांना लिंबू-संत्र्याचा वास नकोसा वाटतो. संत्र्याच्या सालीतल्या तेलात लिमोनीन असतं आणि ते मांजराला अपायकारक ठरू शकतं. कारंजं धुवायला लिंबू किंवा संत्र्याच्या सुगंधाचा साबण वापरू नका. बिनवासाचा साबण आणि गरम पाणी पुरे.

१३. तुम्हाला ऐकू न येणारी घरघर
माणसाच्या कानाची मजल साधारण २० किलोहर्ट्झपर्यंत, मांजराची ८५ किलोहर्ट्झपर्यंत. आपल्याला शांत वाटणारा पंप त्याला शांत वाटेलच असं नाही. म्हणून नवं कारंजं पहिले दोन-तीन दिवस बंदच ठेवा. आधी मांजराला त्यातून वाटीसारखं पिऊ द्या, मग पंप सुरू करा. जागा शांत, जाण्यायेण्याच्या वाटेपासून बाजूला आणि शौचाच्या ट्रेपासून लांब हवी. दोन-तीन मांजरं असतील तर पाणी एकाच कोपऱ्यात ठेवू नका. दांडगा बोका वाट अडवून बसतो आणि भित्रं मांजर तहानलेलंच राहतं.

१४. सगळ्यांत गुणकारी कारंजं ताटलीत
डब्यातल्या किंवा पाउचमधल्या ओल्या खाण्यात पाऊण भागाहून जास्त पाणी असतं. मांजराच्या पोटात जास्त पाणी जावं यासाठी ओलं खाणं हा सर्वांत खात्रीचा मार्ग. बिनमिठाचं, कांदा-लसूण न घातलेलं चिकनचं पाणीही चालतं. कांदा आणि लसूण मांजरासाठी विषारी आहेत, हे मात्र घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

१५. मोजमाप टाकीत नाही, ट्रेमध्ये
नागपूरच्या उन्हाळ्यात टाकीतलं पाणी कमी झालं म्हणजे ते मांजराने प्यायलं, असं धरू नका. बरंचसं हवेत उडालेलं असतं. खरा पुरावा ट्रेमधल्या लघवीच्या गोळ्यांत मिळतो. कारंजं आणल्यानंतर ते थोडे मोठे किंवा जास्त दिसू लागले, तर पाणी पोटात जातंय. मात्र मांजर अचानक खूपच पिऊ लागलं, तर कारंजं आवडलं म्हणून नुसतं खूश होऊ नका. मूत्रपिंडाचा आजार किंवा मधुमेह यांचीही ती खूण असू शकते, विशेषतः म्हाताऱ्या मांजरात. आणि बोका ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसून कुंथतोय, पण लघवी होत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. मूत्रमार्ग अडला, तर एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. नागपूरकरांचं नशीब चांगलं. महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय याच शहरात आहे आणि सेमिनरी हिल्सला १९५८ पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय. आपल्या जवळच्या पशुवैद्यांचा नंबर आजच मोबाइलमध्ये घालून ठेवा.

दुकानात जाताना पाच प्रश्न
वीज गेल्यावर वर पाणी राहतं का? सगळे भाग पटकन सुटे होतात का? भांडं स्टीलचं किंवा चिनी मातीचं आहे का? फिल्टर आणि पंप सुटे मिळतात का? पाण्याची पातळी बाहेरून दिसते का? पाचांचं उत्तर ‘हो’ आलं, तर किंमत मधली असली तरी चालेल, रंग कुठलाही चालेल. फोनवर ॲप नसलं, दिवे लागत नसले, तरी काही बिघडत नाही. मांजराला हवं असतं रोजचं ताजं, स्वच्छ पाणी, आणि ते भरणारा माणूस.